गोठूनही जिवंत : बेडकाच्या पेशींतील जलद्वारे

श्वास थांबला, हृदयाचे स्पंदन थांबले, रक्ताचे वहन थांबले की देहातून प्राण गेला, असे सर्वत्र समजले जाते. उत्तर अमेरिकेच्या अरण्यातील एक लहानसा बेडूक मात्र दर हिवाळ्यात या तिन्ही खुणा अंगावर वागवतो आणि वसंत ऋतू येताच पुन्हा उडी मारून जवळच्या डबक्याकडे निघतो. त्याला तेथे ‘वुड फ्रॉग’ म्हणतात. मराठीत रानबेडूक म्हणता येईल. त्याचे शास्त्रीय नाव राना सिल्वॅटिका. लांबी जेमतेम पाच ते सात सेंटिमीटर, रंग वाळलेल्या पानासारखा आणि डोळ्यांवरून मागे जाणारा काळसर पट्टा. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांपासून कॅनडा ओलांडून थेट अलास्कापर्यंत त्याची वस्ती आहे.

थंड प्रदेशातील पुष्कळ बेडूक हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी जाऊन बसतात. तेथील पाणी गोठत नाही. रानबेडकाने तो मार्ग स्वीकारलेला नाही. तो जमिनीवरच, पाचोळ्याच्या थराखाली अंग आखडून बसतो. वर हिम पडते, पाचोळा गोठतो, बर्फाचा एखादा कण त्याच्या ओलसर त्वचेला टेकतो आणि तेथून त्याच्या शरीरातही बर्फ पसरू लागतो. साधारण एका दिवसात त्याच्या शरीरातील एकूण पाण्यापैकी सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत पाण्याचा बर्फ होतो. अंग खड्यासारखे कठीण होते, डोळे पांढुरके दिसू लागतात, हृदय थांबते. तरीही तो जिवंत असतो.

हे कसे घडते, याचे उत्तर शोधताना विज्ञान अखेर शरीरातील सर्वांत सूक्ष्म दारांपाशी येऊन पोचले. पेशीत पाण्याची ये-जा ज्या दारांतून होते, ती ही दारे. या दारांची कथा बेडकापुरती राहत नाही. माणसाच्या मूत्रपिंडापर्यंत आणि अवयवदानाच्या मोजक्या तासांपर्यंत ती येऊन भिडते.

शोधाची सुरुवात

१९८२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील विल्यम श्मिड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जमिनीवर हिवाळा काढणारे काही बेडूक शरीरात बर्फ झाल्यानंतरही जगतात, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. पुढे कॅनडातील ऑटवा येथील कार्लटन विद्यापीठात केनेथ स्टोरी व जॅनेट स्टोरी या दांपत्याने, तसेच अमेरिकेतील ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठात जॉन कोस्टान्झो व रिचर्ड ली यांनी या विषयाला वर्षानुवर्षे वाहून घेतले.

या बेडकाच्या सहनशक्तीची मर्यादा किती, याचा अंदाज अलास्कातील फेअरबँक्स येथील अभ्यासातून आला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खुल्या वातावरणात हिवाळा काढणारे तेथील रानबेडूक सरासरी १९३ दिवस सलग गोठलेले राहिले. म्हणजे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ त्यांचे हृदय बंद होते. त्यांच्या आसऱ्याच्या जागेचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. वसंतात पाहिले, तेव्हा अभ्यासातील सर्वच्या सर्व बेडूक जिवंत आढळले.

बर्फ घातक का ठरतो?

घरच्या फ्रीजरमध्ये विसरून राहिलेली काकडी बाहेर काढली तर काय होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. गोठलेली असेपर्यंत ती टणक असते. वितळली की लिबलिबीत होते आणि तिच्यातून पाणी सुटते. काकडीच्या प्रत्येक पेशीत पाणी असते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. बर्फाचे स्फटिक अणकुचीदार असतात, ते पेशीच्या आतली सारी रचना उद्ध्वस्त करतात. काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवलेली काचेची बाटली तडकते, त्यामागेही हेच आकारमान वाढण्याचे कारण आहे.

माणसाच्या बोटांना हिमदंश होतो, तेव्हा ऊतींमध्ये बर्फ होऊन पेशी अशाच नष्ट होतात आणि कधी कधी बोटे कापावी लागतात. म्हणून गोठूनही जगायचे असेल, तर एक अट पाळावीच लागते : बर्फ होऊ द्यायचा, पण पेशीच्या बाहेर, पेशीच्या आत त्याला शिरकाव नाही. रानबेडूक ही अट काटेकोरपणे पाळतो. त्याच्या शरीरात बर्फ साठतो तो त्वचा आणि स्नायू यांच्यामधील पोकळीत आणि उदरपोकळीत अवयवांच्या भोवती. यकृत, आतडी, हृदय हे अवयव स्वतःजवळचे पाणी बाहेर सोडतात, आकसतात आणि बर्फाच्या कवचात सुरक्षित राहतात.

कैरीच्या फोडीचा दाखला

पेशीतील पाणी बाहेर पडते ते कोणत्या ओढीने? याचेही उत्तर स्वयंपाकघरात आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काही वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी साचते. बाहेर मीठ जास्त, आत कमी. त्यामुळे आतील पाणी बाहेर ओढले जाते आणि फोडी आकसतात.

बेडकाच्या शरीरात मिठाची जागा बर्फ घेतो. पाणी गोठताना स्फटिकात फक्त शुद्ध पाणी जाते. त्यात विरघळलेले क्षार व इतर द्रव्ये उरलेल्या द्रवात मागे राहतात. जसजसा बर्फ वाढतो, तसतसा पेशींभोवतीचा द्रव अधिकाधिक दाट होतो आणि कैरीच्या फोडीतून निघावे तसे पेशीतील पाणी बाहेर येऊ लागते.

येथे दोन संकटे समोरासमोर उभी राहतात. पाणी फार हळू बाहेर पडले, तर ते आतच गोठेल आणि पेशी फुटेल. पाणी अतोनात बाहेर पडले, तर पेशी इतकी आकसेल की तिचे पटल कोसळेल आणि आतील प्रथिने एकमेकांवर दाबली जाऊन निकामी होतील. जाऊ द्यायचे, पण सर्वस्व जाऊ द्यायचे नाही, असा हा कठीण हिशेब आहे. तो जुळवायला दोन गोष्टी लागतात : पाण्याला बाहेर पडण्यासाठी मोकळी वाट आणि पेशीत पाण्याला धरून ठेवणारे काही भांडवल.

पाण्याचे दार

प्रत्येक पेशीभोवती मेदद्रव्याचे दुहेरी पटल असते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे या पटलातून पाणी झिरपते खरे, पण सावकाश. मूत्रपिंडातील पेशी किंवा रक्तातील तांबड्या पेशी मात्र पाण्याची देवघेव विलक्षण वेगाने करतात. एवढ्या वेगासाठी पटलात खास दारे असली पाहिजेत, असा तर्क शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे करीत होते. ते दार मात्र कोणाच्या हाती लागत नव्हते.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे हे रक्तगटाशी संबंधित आर-एच प्रथिनाचा शोध घेत होते. त्या कामात तांबड्या पेशींच्या पटलातून एक अनोळखी प्रथिन पुन्हा पुन्हा वर येऊ लागले. ते विपुल होते, पण त्याचे काम कोणालाच ठाऊक नव्हते. हेच पाण्याचे दार असेल का, हे पाहण्यासाठी अ‍ॅग्रे यांच्या गटाने आफ्रिकेतील झेनोपस या बेडकाची अंडी निवडली. ही अंडी गोड्या पाण्यात राहूनही फुगत नाहीत, कारण त्यांच्या पटलातून पाणी फारच कमी शिरते. त्या अंड्यांत हे नवे प्रथिन तयार होण्याची आज्ञा देणारा आरएनए सोडण्यात आला. मग अंडी अधिक पातळ द्रवात ठेवताच ती काही मिनिटांत फुगली आणि फुटली. ज्या अंड्यांत ते प्रथिन नव्हते, ती जशीच्या तशी राहिली. १९९२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या प्रथिनाला पुढे ‘अ‍ॅक्वापोरिन’ हे नाव मिळाले. ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे पाणी आणि ‘पोर’ म्हणजे छिद्र. या शोधासाठी अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीतील क्षारद्वारांवर काम करणारे रॉडरिक मॅकिनन हे त्याचे सहमानकरी होते.

अ‍ॅक्वापोरिनची घडण वाळूच्या घड्याळासारखी आहे : दोन्ही टोकांना रुंद, मध्ये अरुंद. मधली वाट इतकी चिंचोळी असते की पाण्याचे रेणू एकामागून एक, रांगेने जातात. तरीही एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू पार होतात. विशेष म्हणजे पाणी जाते, पण आम्लाचे कण त्या रांगेत घुसू शकत नाहीत. जकात नाक्यावर एखादा चोख कारकून बसावा आणि गर्दी कितीही असली तरी नेमका ठरलेलाच माल त्याने आत सोडावा, तसे हे प्रथिन काम करते.

करड्या वृक्षबेडकाचे तिसरे दार

ही दारे आणि गोठणे यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसला तो दुसऱ्या एका बेडकात. अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागात झाडांवर राहणारा हा करडा वृक्षबेडूक. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो ‘कोप यांचा करडा वृक्षबेडूक’ म्हणून ओळखला जातो. उन्हाळ्यात झाडावर वावरणारा हा जीव हिवाळ्यात खाली उतरतो, पाचोळ्यात शिरतो आणि रानबेडकाप्रमाणेच गोठतो.

ओहायोतील डेटन शहरात राइट स्टेट विद्यापीठातील डेव्हिड गोल्डस्टाइन आणि डेटन विद्यापीठातील कॅरिसा क्रेन यांच्या गटांनी या बेडकाच्या पेशींतील दारांचा शोध घेतला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तीन प्रथिनांची ओळख करून दिली आहे. त्यांची नावे एचसी-१, एचसी-२ आणि एचसी-३. पहिली दोन पाण्याची दारे. तिसरे मात्र वेगळे निघाले. त्यातून पाण्याबरोबर ग्लिसरॉलही जाते. ग्लिसरॉल म्हणजे घरोघरी हिवाळ्यात ओठ आणि टाचा फुटू नयेत म्हणून लावले जाणारे ग्लिसरीन. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा मोठा असतो. म्हणून या दाराची मधली वाटही थोडी रुंद असते. या दारांची परीक्षाही पुन्हा झेनोपस बेडकाच्या अंड्यांतच घेण्यात आली.

ग्लिसरीन त्वचेवर जे काम करते, जवळपास तेच ते पेशीच्या आत करते : पाण्याला धरून ठेवते. पेशीत ग्लिसरॉल भरपूर असले की बाहेर बर्फ कितीही वाढला तरी सारे पाणी निघून जात नाही. पेशी आकसते, पण कोसळत नाही. शिवाय ग्लिसरॉल मिसळलेला द्रव गोठण्यासाठी अधिक थंडी लागते. पण हे ग्लिसरॉल यकृतात तयार होते आणि तेथून रक्तावाटे शरीरभर जाते. ते प्रत्येक पेशीत शिरायचे, तर दार हवे. ते दार म्हणजे एचसी-३.

यातील सर्वांत लक्षणीय भाग पुढे आला. उबदार जागी ठेवलेल्या बेडकांची आणि हळूहळू थंडीला सरावलेल्या बेडकांची तुलना करण्यात आली. थंडीला सरावलेल्या बेडकांच्या तांबड्या रक्तपेशींत एचसी-३ हे प्रथिन अधिक आढळले आणि त्या पेशींत ग्लिसरॉल अधिक सहजपणे शिरत होते. म्हणजे बर्फाचा पहिला कण दिसण्यापूर्वीच शरीराने दारे वाढवून ठेवलेली होती. संकट दारात आल्यावर वाट शोधायची नाही, ती आधीच तयार ठेवायची, हा या छोट्या जीवाचा शिरस्ता आहे.

दोन बेडूक, दोन वहिवाटी

रानबेडूक आणि करडा वृक्षबेडूक दोघेही गोठतात, दोघेही जगतात. पण त्यांच्या व्यवहाराच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. व्यापारी घरात हा फरक लगेच ध्यानी येईल.

करडा वृक्षबेडूक हंगामापूर्वीच माल भरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यासारखा आहे. शरद ऋतूत थंडी वाढू लागताच तो ग्लिसरॉल साठवू लागतो.

रानबेडूक भांडवल राखून ठेवतो आणि मागणी येताच ते बाजारात उतरवतो. शरद ऋतूत तो यकृतात ग्लायकोजेनचा मोठा साठा करतो. ग्लायकोजेन म्हणजे साखरेच्या असंख्य रेणूंची बांधून ठेवलेली साखळी. त्वचेवर बर्फ होऊ लागल्याचा इशारा मिळताच काही मिनिटांत यकृत ही साखळी तोडू लागते आणि रक्तात साखर ओतते. हृदय चालू आहे, तोवरच्या काही तासांत ही साखर मुख्य अवयवांपर्यंत पोचवायची असते. एकदा रक्त थांबले की पुरवठा बंद. साखरेबरोबर युरिया हे द्रव्यही तो हिवाळ्यापूर्वी अंगात साठवतो.

या साखरेचे प्रमाण पाहून मधुमेहाशी परिचित असलेली कुटुंबे थक्क होतील. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी प्रति डेसिलिटर ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. गोठणाऱ्या रानबेडकाच्या रक्तात ती ४,००० मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकते. माणसाला प्राणघातक ठरेल अशी ही पातळी बेडूक केवळ सोसत नाही, तिच्याच आधारावर तो जगतो. वसंतात वितळल्यानंतर यकृत हीच साखर पुन्हा गोळा करून ग्लायकोजेनच्या रूपात बांधून ठेवते. काढलेले भांडवल पुन्हा तिजोरीत जमा होते.

अलास्कातील बेडकांनी या व्यवहारात आणखी एक युक्ती साधली आहे. शरद ऋतूत रात्री गोठायचे आणि दिवसा वितळायचे, असे फेरे त्यांच्या वाट्याला अनेक वेळा येतात. प्रत्येक फेऱ्यात यकृत थोडी थोडी साखर सोडत जाते. कायमचे गोठण्याची वेळ येते, तेव्हा त्यांच्या शरीरात दक्षिणेकडील त्यांच्या भाईबंदांपेक्षा कितीतरी अधिक साखर साठलेली असते. म्हणूनच ते अधिक कडक थंडी सोसू शकतात.

वितळण्याचा क्रम

गोठणे जितके अवघड, तितकेच वितळणेही. बर्फ वितळू लागला की पेशींभोवतीचा दाट द्रव पुन्हा पातळ होतो. आता पाणी उलट दिशेने, म्हणजे आत धावते. ते एकदम घुसले, तर आकसलेली पेशी फुगून फुटू शकते. शिवाय आत साठलेले ग्लिसरॉल हळूहळू बाहेर काढावे लागते. ही ये-जा पुन्हा त्याच दारांतून होते. पेशीचे जगणे दोन्ही वेळच्या शिस्तीवर अवलंबून आहे : जाताना आणि परत येताना.

वितळल्यावर प्रथम हृदयाची धडधड सुरू होते, मग श्वास, मग पायांची हालचाल. काही दिवसांतच नर डबक्याकाठी बसून मादीला साद घालू लागतो. ज्याला पाहून कोणीही मृत ठरवले असते, तोच जीव नव्या पिढीच्या तयारीला लागतो.

तीच दारे माणसाच्या शरीरात

अ‍ॅक्वापोरिन ही केवळ बेडकाची मालमत्ता नाही. जिवाणू, वनस्पती, कीटक आणि माणूस, सर्वांच्या पेशींत ती आढळतात. माणसात त्यांचे तेरा प्रकार ज्ञात आहेत. करड्या वृक्षबेडकाच्या एचसी-३ शी नाते सांगणारे दार माणसाच्या त्वचेतही आहे. त्वचा मऊ ठेवण्यात त्याचा वाटा असतो.

माणसाची दोन्ही मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यापैकी बहुतेक सारे पाणी शरीर परत घेते आणि लघवीवाटे साधारण दीड लिटर बाहेर जाते. पाणी परत घेण्याचे हे काम अ‍ॅक्वापोरिनच्या दारांतून चालते. निर्जळ उपवासाच्या दिवशी किंवा कडक उन्हात शरीरातील पाणी घटू लागले की मेंदू एक संप्रेरक सोडतो. त्याचा निरोप पोचताच मूत्रपिंडातील पेशींच्या आत राखून ठेवलेली दारे पटलावर येऊन बसतात आणि अधिक पाणी परत घेतले जाते. म्हणूनच लघवी कमी आणि गडद होते. या दारात जन्मजात दोष असला तर दिवसाकाठी कित्येक लिटर लघवी होते आणि तहान भागतच नाही. डोळ्याच्या भिंगातील अशाच एका दारात बिघाड झाला तर लहान वयातच मोतीबिंदू होऊ शकतो.

बेडकाच्या बाबतीत तर त्वचा हाच पाणी पिण्याचा अवयव आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर बसून पोटाखालच्या त्वचेतून तो पाणी शोषतो आणि त्या त्वचेतही हीच जलद्वारे असतात. सह्याद्रीतील ओढ्याकाठचा बेडूक असो की शेताच्या बांधावरचा, पाणी त्याच्या अंगात त्वचेतूनच शिरते. त्यामुळे मातीत मिसळलेल्या विषारी रसायनांचा पहिला फटका ज्यांना बसतो, त्यांत तो असतो. दार जितके मोकळे, तितकी बाहेरच्या पाण्याची शुद्धता मोलाची.

अवयवाचे मोजके तास

या साऱ्या अभ्यासाला एक अत्यंत व्यावहारिक, माणसाच्या जिवाशी निगडित बाजू आहे. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. दात्याच्या कुटुंबाने दुःखाच्या प्रसंगी मन घट्ट करून संमती दिल्यानंतर घड्याळाशी शर्यत सुरू होते. बर्फाच्या पेटीत ठेवलेले हृदय साधारण चार ते सहा तास, यकृत सुमारे बारा तास आणि मूत्रपिंड एक ते दीड दिवस टिकते. रुग्णवाहिकेसाठी रस्ते मोकळे करून ‘ग्रीन कॉरिडॉर’ करावा लागतो तो यासाठीच. योग्य रुग्ण दूरच्या शहरात असेल आणि वेळ अपुरा पडेल, तर दान दिलेला अवयव वाया जातो.

अवयव थेट गोठवून ठेवावा, तर काकडीसारखी त्याची गत होते. रानबेडकाचे यकृत मात्र महिनोन्‌महिने गोठून पुन्हा काम करते. म्हणून अनेक संशोधकांनी बेडकाला गुरू केले. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांची यकृते उणे ६ अंशांवर, बर्फ होऊ न देता, चार दिवस टिकवून दाखवली. त्यासाठी वापरलेल्या द्रवांत साखरेचा एक बदललेला प्रकार होता. तो पेशीत शिरतो, पण पेशी त्याचे पचन करू शकत नाही. त्यामुळे तो आत साठून राहतो आणि पेशीचे रक्षण करतो. रानबेडकाच्या साखरेचाच हा धडा होता. २०१९ मध्ये याच संस्थेतून मानवी यकृते उणे ४ अंशांवर टिकवण्यात आल्याचे प्रसिद्ध झाले आणि टिकवण्याच्या मुदतीत २७ तासांची भर पडली. पुढे २०२२ मध्ये तेथील संशोधकांनी उंदरांच्या यकृतांत बेडकाप्रमाणे मर्यादित बर्फ होऊ देऊन ती पाच दिवसांपर्यंत टिकवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला.

या प्रत्येक प्रयोगात मूळ प्रश्न तोच असतो, जो बेडकाने सोडवला आहे. संरक्षक द्रव्य प्रत्येक पेशीत पोचवायचे कसे आणि पाणी वेळीच बाहेर काढायचे कसे? अवयवाच्या आतील पेशी निरनिराळ्या प्रकारच्या दारांनी नटलेल्या असतात. कोणत्या पेशीत कोणते दार किती प्रमाणात आहे, यावर कोणते द्रव्य वापरायचे आणि किती सावकाश थंड करायचे, हे ठरते. म्हणून रक्तपेशीवरील एका सूक्ष्म प्रथिनाची मोजदाद ही प्रयोगशाळेतील निव्वळ जिज्ञासा राहत नाही. यकृताची वाट पाहत अतिदक्षता विभागात पडलेल्या एखाद्या रुग्णासाठी ती आणखी एक दिवस मिळवून देणारी ठरू शकते.

हिमाचे पांघरूण

या बेडकांचे जगणे आणखी एका नाजूक गोष्टीवर अवलंबून आहे. पाचोळ्यावर पडलेले हिम पांघरुणासारखे काम करते. बाहेरची हवा उणे ३० अंशांवर गेली तरी जाड हिमाखालील जमीन त्याहून पुष्कळ उबदार राहते. हिमच कमी पडले, तर हे पांघरूण विरते आणि पाचोळ्यातील बेडकाला उघड्या थंडीला तोंड द्यावे लागते. हिवाळ्यात अवेळी ऊब येऊन पुन्हा पुन्हा वितळावे लागले, तर प्रत्येक फेऱ्यात काही शक्ती खर्च होते. हिवाळाभर तो काहीच खात नाही. शरद ऋतूतील साठ्यावरच त्याला निभवायचे असते. बदलत्या हवामानाचा प्रश्न या जीवापुढे असा दुहेरी रूपाने उभा आहे.

गोठणाऱ्या बेडकाकडे पाहिले की पहिल्यांदा नवल वाटते ते त्याच्या सोसण्याचे. अधिक निरखून पाहिले की कळते, त्याचे बळ सोसण्यापेक्षा तयारीत आहे. तो थंडीशी झुंजत नाही. बर्फाला शरीरात जागा करून देतो, पण कोठे ते स्वतः ठरवतो. जे सोडायचे ते पाणी वेळेवर सोडतो, जे राखायचे ते भांडवल आत राखतो आणि दोन्हींसाठी लागणारी दारे हिवाळ्याआधीच उभारून ठेवतो. म्हणूनच वसंतात पाचोळा हलतो, तेव्हा त्याखालून पहिली हालचाल त्याच्या हृदयाची असते.